मैदानाचा सातबारा



या व्याख्यानाचा विषय कळवल्यावर आयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. म्हणाले, "ताई, पत्रिकेचं प्रूफ आलंय. 'महिला फुटबॉल' असं पडलंय, 'महिला क्रिकेट' करू ना?" मी म्हटलं, राहू द्या, प्रुफात चूक नाही. ते मोकळेपणाने हसले आणि तसंच छापलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते शिक्षक होते. मैदानावरचा तास वर्गातल्या तासाइतकाच मोलाचा मानणारे शिक्षक. म्हणून मी मैदानाची गोष्ट वर्गातल्या तासाने सुरू करते, गणिताने.

फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. गुणाकार केला, की ७,१४० चौरस मीटर येतात. आपण वऱ्हाडातली माणसं, आपल्याला चौरस मीटर कळत नाहीत, एकर कळतात. तर हे झाले पावणेदोन एकर. आता महिला कबड्डीचं मैदान घ्या : १२ बाय ८ मीटर. एका फुटबॉलच्या मैदानात अशी सत्तरेक मैदानं बसतील.

आणि आपल्या लेकीबाळी पिढ्यानपिढ्या काय खेळत आल्या? फुगडीला दोन पावलांची जागा पुरते. सागरगोट्यांना ओसरीचा कोपरा पुरतो. लंगडीला अंगण होतं. भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघर जायचं, तेही कोजागिरीपर्यंत, आणि तेही भिंतीच्या आत. खेळायला बंदी कधीच नव्हती. पण खेळ अंगणाएवढा हवा! अंगण ओलांडून पावणेदोन एकर मागणारा खेळ मुलीने मागितला, की मग मात्र घराच्या, शाळेच्या, गावाच्या कपाळाला आठ्या पडतात.

वऱ्हाडात जमिनीचं बोलणं निघालं, की पहिला प्रश्न ठरलेला : सातबारा कोणाच्या नावावर? महिला फुटबॉलचा सगळा इतिहास मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. तेव्हा आज चार मुद्दे मांडणार आहे. पहिला इंग्लंडचा, दुसरा देशाचा, तिसरा आपल्या वऱ्हाडाचा आणि चौथा, आपण काय करायचं याचा.

पहिला मुद्दा. एक समज असा आहे, की पुरुष आधी खेळले आणि बायका फार उशिरा, अगदी काल-परवा खेळू लागल्या. हे खरं आहे का? १८८१ साली एडिंबरामध्ये स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड अशा नावाने बायकांचा सामना झाला होता. १८९५ साली लंडनमध्ये 'ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब' जाहीर सामने खेळू लागला. आपल्या अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते १८९७ साली. म्हणजे त्या अधिवेशनाच्याही दोन वर्षं आधी लंडनमध्ये बायकांचा फुटबॉल क्लब होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या. प्रेस्टन गावात 'डिक, केर' नावाचा कारखाना होता. तिथल्या कामगार मुली जेवणाच्या सुट्टीत चेंडू मारायच्या. १९१७च्या नाताळात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्यांनी सामना खेळला, तर दहा हजार माणसं आली. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या सामन्याला ५३,००० प्रेक्षक होते आणि जागा नाही म्हणून हजारो माणसं बाहेरून परत गेली. त्या संघात लिली पार नावाची मुलगी होती. संघात आली तेव्हा वय अवघं १४. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची कीर्ती अशी, की गोलरक्षक धास्तावायचे.

आणि मग काय झालं? गर्दी आटली? बायकांना कंटाळा आला? नाही हो. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि त्यांच्या सामन्यांच्या उत्पन्नाचा विनियोगही नीट होत नाही, असा त्याचा आशय. आता मला सांगा, शोभत नाही म्हणून ठराव करून थांबवलं काय? माझा खरा मुद्दा पुढे आहे, जरा नीट ऐका. त्या ठरावाने बायकांना "खेळू नका" असं म्हटलं नाही. संलग्न क्लबांना सांगितलं, की या सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका.

कळलं ना? बंदी चेंडूवर आली नाही, जमिनीवर आली. खेळा ना, कोण अडवतंय? फक्त मैदान मिळणार नाही. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. पन्नास वर्षं! एका गावात दोन पिढ्या मैदान पाहू शकल्या नाहीत, तर तिसऱ्या पिढीला हा खेळ बायकांचा होता हे आठवणार तरी कसं?

इंग्लंड एकटं नव्हतं. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ बायकांना फुटबॉलची कायद्याने मनाई होती. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० बंदी ठेवली. त्याच जर्मनीने पुढे २००३ आणि २००७ असे लागोपाठ दोन महिला विश्वचषक जिंकले. त्याच ब्राझीलच्या मार्ताच्या नावावर महिला विश्वचषकातले सर्वाधिक, १७ गोल आहेत. १९७१ साली मेक्सिकोत बायकांची एक जागतिक स्पर्धा झाली, फिफाच्या आशीर्वादाशिवाय. अंतिम सामन्याला अझ्तेका स्टेडियमवर लाखभर माणसं होती. फिफाचा पहिला अधिकृत महिला विश्वचषक मात्र १९९१चा, चीनमधला. म्हणजे लोक आधी आले आणि संघटना वीस वर्षांनी आली. तेव्हा पहिल्या मुद्द्याचं सार एका वाक्यात : बायकांना उशीर झाला नाही, त्यांना वाटेत अडवून ठेवलं होतं.

दुसरा मुद्दा, आपल्या देशाचा. आपल्याकडे कुणी असा ठराव केला नाही. उलट १९७५ साली भारतीय महिला फुटबॉल महासंघ उभा राहिला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढच्या काही वर्षांत काय घडलं, हे या सभागृहातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९८०मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता. १९८१मध्ये तिसरा. १९८३मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. आशियात दुसरे होतो आपण! १९८३ हे साल आपल्याला एकाच कारणाने पाठ आहे, लॉर्ड्सच्या बाल्कनीत कपिल देवच्या हातातल्या चषकाने. त्याच वर्षी शांती मल्लिक ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. एक चित्र घराघरांत लागलं, दुसरं कुणाच्या आठवणीतही उरलं नाही. आणि जे आठवणीत उरत नाही, त्याला पैसा मिळत नाही, सामने मिळत नाहीत, मैदान मिळत नाही.

मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवींची गोष्ट सांगते. लहानपणी त्यांना फुटबॉल खेळायचा होता आणि संघ होते मुलांचे. मग त्या 'बोबो' आणि 'आमको' अशी मुलांची नावं लावून खेळल्या. पुढे भारताच्या कर्णधार झाल्या, २०१७ साली अर्जुन पुरस्कार, २०२० साली पद्मश्री. पद्मश्री मिळाली खऱ्या नावाने, पण मैदानात पहिलं पाऊल पडलं ते उसन्या नावाने. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला, की कसणाऱ्या बाईला काय करावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

देशाची महिला लीग सुरू झाली ती २०१७च्या आरंभी. आपल्या राज्यातले कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे एफसी हे संघ तिच्यात खेळले. २०२० साली बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळायला गेल्या. आणि २०२२ साली तर महिला फुटबॉल चालत आपल्या राज्यात आला. जानेवारीत आशिया चषक, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. भारताने इराणशी बरोबरी केली आणि मग संघात कोरोना शिरला. तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि घरच्याच स्पर्धेतून आपण बाहेर पडलो. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. भारत अमेरिकेशी ०-८, मोरोक्कोशी ०-३ आणि ब्राझीलशी ०-५ असा हरला.

लोक हसले. मी हसले नाही, कारण मी कर्णधाराकडे पाहत होते. अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. तिची निवड झाली म्हणून तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला गेला आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीने काम करत होते, हे त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. समोरच्या मुली वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून क्लबात वाढलेल्या. आठ गोलांचा फरक नव्वद मिनिटांत पडलेला नाही, तो दहा वर्षांत पडलेला आहे. आणि तरीही, जुलै २०२५मध्ये थायलंडला थायलंडमध्येच २-१ने हरवून भारतीय महिला २०२६च्या आशिया चषकाला पात्र ठरल्या. पात्रता फेरी खेळून, जिंकून मिळवलेलं हे आपलं पहिलं तिकीट. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

आता तिसरा मुद्दा. नवी मुंबईतलं नेरूळचं स्टेडियम अकोल्याहून सहाशेक किलोमीटर. तिथे विश्वचषक झाला. इथे काय आहे?

इथे पुष्कळ आहे, हे आधी मान्य करू. ज्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं आणि ज्या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्या गावाला व्यायाम शिकवायची गरज नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गावाच्या उन्नतीत व्यायामशाळेला जागा दिली. आणि मुलींचं म्हणाल, तर याच अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ साली भारतीय संघातून टी-ट्वेंटी खेळली. वाट असली, की आपली लेक चालते. फुटबॉलमध्ये वाट कुठे बुजते, ते पाहू.

कुणी म्हणतात, पोरी नाजूक असतात. नाजूक? वऱ्हाडात राहून हे बोलायची छाती होते तरी कशी? दिवाळीच्या आगेमागे कपाशीच्या शेतावर जा. सकाळी कमरेला ओटी बांधलेली बाई दिवसभर वाकून कापूस वेचते आणि संध्याकाळी गठुडं डोक्यावर घेऊन उभी राहते. तिच्याबरोबर तिची आठवीतली मुलगी असते. या मुलीला नव्वद मिनिटं पळवणार नाही म्हणता?

तेव्हा अडचण शरीराची नाही. मग कशाची? मी तीस वर्षं अकोला-अमरावती या दोन जिल्ह्यांत मुलींना खेळ शिकवला. माझ्या अनुभवाने सांगते, अडचण जमिनीची आणि घड्याळाची आहे.

आधी जमीन. आपली काळी कपाशीची माती. पावसाळ्यात ती बुटाला अशी धरते, की प्रत्येक पावलाला किलोभर माती उचलावी लागते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय गेला की घोटा मुरगळलाच. मुरूम टाकून, दाबून, निचरा काढून मैदान करावं लागतं आणि त्याला पैसा लागतो. म्हणून तालुक्याला बरं मैदान असलंच तर एक असतं. एक मैदान आणि मागणारे दोन, तर मिळणार कुणाला?

आता घड्याळ. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. ४५ अंशांत दुपारी कोण खेळणार? उरतात सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ७. हेच चार तास नळाला पाणी येण्याचे, चूल पेटवण्याचे, धाकट्या भावाला सांभाळण्याचे. मुलगा त्या वेळी मोकळा असतो, मुलगी नसते. खारपाणपट्ट्यात तर प्यायच्या पाण्यासाठी किती चालावं लागायचं, हे दर्यापूर-अकोटकडची मंडळी सांगतील.

आणि एसटी. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने खेड्यातल्या मुली शाळेत आणल्या, हे फार मोठं काम झालं आणि त्याचं कौतुक कमीच आहे. पण बस शाळा सुटली की निघते. सराव शाळा सुटल्यावर सुरू होतो. सरावाला थांबली, की बस गेली. माझी एक गोलरक्षक होती, दर्यापूर तालुक्यातली. चेंडूवर झेप अशी घ्यायची, की मी शिट्टी वाजवायची विसरायचे. ती अर्ध्या सरावातून दप्तर उचलून पळायची, हातमोजे हातातच. दोन महिने असं चाललं. मग एक दिवस तिची आई मला भेटायला आली. म्हणाली, "मास्तरीनबाई, पोट्टी हाफ चड्डी घालून पळते, ते मले चालते. पन अंधारात एकटी येते, ते नाही चालत. तुमीच सांगा, काय करू?" मी काय सांगणार होते? मुलगी गेली. माझ्या संघाला तिच्यासारखी गोलरक्षक पुन्हा मिळाली नाही.

त्या आईला तुम्ही मागासलेली म्हणाल? मी म्हणणार नाही. तिने बंदी घातली नव्हती, कुणीच घातली नव्हती. मुख्याध्यापकांनी नाही, सरपंचांनी नाही, एसटीने नाही. पण मुलगी मैदानाबाहेर गेली हे खरं. इंग्लंडची बंदी कागदावर होती, म्हणून ती कागदावर उठवता आली. आपली बंदी कागदाशिवायची आहे. ती उठवायला कुणाकडे अर्ज करायचा?

आणखी एक गोष्ट, जी आपण सभेत बोलत नाही आणि म्हणूनच बोलायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे अकरा जणींच्या संघात सहा-सात जणी. मैदानाशेजारी कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत जायला स्वच्छतागृह नाही. चौदाव्या वर्षी मुली खेळ का सोडतात, याची परिषदांत मोठमोठी कारणं सांगितली जातात. एक दार आणि एक कडी, एवढंही कारण असू शकतं.

चौथा मुद्दा. मग हे बदलतं का? बदललेलं दिसतं का कुठे? दिसतं, आणि फार लांब जायला नको. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून २००१ साली 'स्लम सॉकर' उभं राहिलं. याच कामावरचा 'झुंड' चित्रपट तुम्ही पाहिला असेल. चित्रपटात न मावलेली गोष्ट अशी, की या कामात मुलीही आल्या, मुलींचे संघ होमलेस वर्ल्ड कपला गेले आणि २०१६ साली संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. झारखंडमध्ये 'युवा' या संस्थेने २००९पासून आदिवासी मुलींना फुटबॉल दिला. तिला २०१९ साली लॉरियस पुरस्कार मिळाला. या कामांतून मी काय शिकले? स्टेडियम नंतर येतं. आधी रोजची ठरलेली वेळ येते, सोबत घरी परतणाऱ्या दहा मैत्रिणी येतात, आणि आईला जिच्यावर भरवसा टाकता येईल अशी एक मोठी बाई मैदानावर उभी असते.

कुणी विचारेल, शेतकरी कर्जात बुडालाय आणि तुम्हाला पोरींचा फुटबॉल सुचतो? विचारा, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर आपल्या शेतकरी चळवळीतच आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका लाखांनी जमल्या आणि त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आवाहन केलं : बायकोच्या नावावर जमीन करा. तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं, की कर्जमुक्तीच्या लढाईत हे मध्येच काय? तरीही पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या हाताने सातबाऱ्यावर बायकोचं नाव घातलं. ज्यांनी शेत दिलं, त्यांची नातवंडं मैदान देणार नाहीत?

आणि एक सांगू? आपल्याच विदर्भाची लेक रुक्मिणी. कौंडिण्यपुराहून तिने स्वतः निरोप धाडला आणि अंबादेवीच्या देवळातून स्वतःच्या मर्जीने रथात बसली, अशी आपल्याकडची कथा. नवरा निवडण्याचं स्वातंत्र्य पुराणातल्या लेकीला होतं. आजच्या लेकीला खेळ निवडण्याचं तरी असावं की नाही?

माझं मागणं लहान आहे, आणि ते सरकारकडे नाही, या सभागृहाकडे आहे. इथे मुख्याध्यापक बसले आहेत, संस्थाचालक आहेत, नगरसेवक आहेत. ज्या शाळेला मैदान आहे, तिने आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, ५ ते ७, ते मुलींच्या नावावर लिहावं. मुलं नसतील तेव्हा मिळेल असं नको. वेळापत्रकावर लिहून, सूचनाफलकावर लावून द्यावं. त्या तीन दिवशी निळी बस सातनंतर सुटावी, म्हणून आगारप्रमुखांना पत्र द्यावं. मैदानाशेजारी कडी असलेलं एक स्वच्छतागृह असावं. सरावानंतर मूठभर फुटाणे आणि गूळ द्यावा. आणि गावातल्या एका शिकलेल्या मुलीला प्रशिक्षक म्हणून तयार करावं, मानधन देऊन. फुकटची सेवा बायकांनी पुष्कळ केली आहे.

एवढ्याने भारत विश्वचषक जिंकेल, असं मी म्हणत नाही. दर्यापूरकडची एक गोलरक्षक दप्तर उचलून अर्ध्या सरावातून पळणार नाही, एवढं म्हणते.

पावणेदोन एकर, तीन संध्याकाळी, दोन-दोन तास. उद्या सोमवार आहे, शाळा उघडतील. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाची वही काढावी आणि तिच्यात पहिली ओळ लिहावी.